बाहीचं माप

३ मार्च, सोमवार

शी! धाटावच्या कंपनीतले ते रबरी सूट! तिघींत एक. उलटा केला की आधीच्या शिफ्टचा घाम टपकतो. हात लावला आणि जेवणाचा डबा न उघडता तसाच पेणला घरी परत आणला.

आता बायकांसाठी मापाचे नवे सूट शिवून येणार. सेफ्टीत मी एकटीच बाई, म्हणून मापं माझ्याकडे. एकवीस जणी, एक टेप. शेवटची सरू— अ‍ॅसिडच्या टाकीचा वरचा व्हॉल्व्ह तीच फिरवते. म्हणाली, "ताई, हात वर करू काय?" मी म्हटलं, "नको गो, सरळ उभी रहा. माझी एसटी जाईल."

२४ मार्च

सूट आले. आमचे मॅनेजर सुशीलसाहेब, त्यांची ट्रायल काय तर ऑफिसातल्या जितेशला चढवला आणि एसीत खुर्चीवर बसवला. दहा मिनिटं! "कसं वाटतंय?" "झकास, सर!" फोटो, पेढे. घाम कुणाचा आणि फोटो कुणाचा! किळस आली. पेढा पर्समध्ये टाकला, तिथेच चिकटला.

२५ मार्च

सूट आरामदायी आहे का, याचे फॉर्म. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांपैकी एकावर खूण करायची. एकवीस जणींनी हसऱ्यावर केली. त्यांतल्या गिरजाबाईंना विचारलं, खरंच बरा वाटतो? "रडक्यावर केली तर जुना देतील ना परत! नाय गो बाय." फॉर्म गोळा केले.

२ एप्रिल

सरूचं मनगट भाजलं. व्हॉल्व्ह गळला.

रोह्याच्या दवाखान्यात गेले. ग्लोव्ह संपतो आणि बाही सुरू होते, त्याच्या मधोमध तीन बोटं रुंद पट्टा. कातडी सोललेली. सरू माझ्याकडे बघत म्हणाली, "मूठ मिटत नाय ताई. आता कामावर घेतील काय?" घेतील घेतील म्हटलं.

बाहेर सुशीलसाहेब डॉक्टरांना ऐकवत होते, "सूट मापाचाच होता हो!" निर्लज्ज माणूस! पोरीचा हात जायची वेळ आलीये आणि हे मापाचं सांगतायत. थोबाडीत द्यावीशी वाटली. नमस्कार करून निघाले, त्याचीही लाज वाटते.

४ एप्रिल

सरूचा सूट घरी आणून घालून पाहिला. आमची उंची सारखीच. हात खाली— बाही मनगटावर बरोबर. हात वर केला— तीन बोटं उघडी.

साहेब खोटं बोलले नव्हते.