मास्तरचा गव्हाळ

२ जानेवारी

आलो एकदाचे! क्वार्टर झकास आहे. दोन खोल्या, ऐसपैस ओटा आणि उत्तरेला ही एवढी मोठी खिडकी. रंगखात्यात जन्म घालवलेल्या माणसाला आणखी काय हवं? उत्तरेचा उजेड खोटं बोलत नाही. हिने आल्या आल्या पडद्यांची मापं घेतली. मार्चअखेर निवृत्त होणाऱ्याच्या घराला पडदे कशाला, म्हटलं, तर म्हणाली, तोवर काय उघड्यावर बसायचं?

कंपनीने शेवटच्या तीन महिन्यांसाठी मला या नव्या गिरणीत धाडलंय. इथल्या रंगखात्याला एक पोरसवदा मास्तर मिळालाय, त्याला तयार करायचं. म्हणजे आपली खुर्ची दुसऱ्यासाठी आपणच पुसून ठेवायची.

समोरच्या बाकावर निवृत्तांची पलटण बसते. त्यातल्या एकाने, तो स्टोअरकीपर असताना लोक कसे चळाचळा कापायचे, ते मी उठून जाईपर्यंत ऐकवलं. आता त्याला कुत्रं विचारत नाही. आमच्या थोरल्या भावाची तीच गत. दिवसातून दहादा रिसीव्हर उचलून फोन चालू आहे ना ते बघतो. मला या जमातीची शिसारी येते. माझं तसं व्हायचं नाही. माझ्याकडे गव्हाळ आहे.

५ जानेवारी

पोरसवदा मास्तर पाहिला. लांब मान, पांढराशुभ्र शर्ट, तासन्तास एका जागी उभा. मी त्याचं नाव बगळा ठेवलं. माझी नखं उभ्या जन्मात स्वच्छ झाली नाहीत, आणि याच्या शर्टावर एक शिंतोडा नाही! ज्याच्या अंगाला रंग लागत नाही तो कसला आलाय रंगारी?

बोलतो कमी. 'शिकवा' म्हणत नाही, 'द्या' म्हणतो. आज डाळिंबी दिला. कुठली पूड आधी, मीठ कधी, आच कधी कमी करायची, सगळं. 'समजलं, मास्तर,' म्हणाला आणि पहिल्याच झटक्यात हुबेहूब डाळिंबी काढला. बोलाफुलाला गाठ पडली, दुसरं काय.

गव्हाळ मात्र मी कुणाला देणार नाही. लग्न नवं होतं तेव्हा मालकांना अस्तरासाठी अंगाच्या रंगाचं कापड हवं होतं. मोठमोठे मास्तर हात टेकून बसले. एका सकाळी हिने चहाचा कप पुढे केला, मी तिचं मनगट पाहिलं आणि तडक गिरणीत जाऊन तो रंग काढला. तेव्हापासून ती शेड माझी. मी ती दार लावून करतो. निवृत्तीनंतर हेच लोक गाडी घेऊन दारात येतील, मास्तर, जरा या म्हणून. मी आधी नाही म्हणेन, मग जाईन.

११ जानेवारी

आज फजिती झाली. डाळिंबीचा अख्खा गठ्ठा न रंगवता बाहेर काढला म्हणून मी कामगारांना फैलावर घेतलं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. कापड रंगवलेलंच आहे म्हणाले. मला ते कोरं दिसत होतं, मागावरून उतरल्यासारखं.

घरी हिची डाळिंबी शाल दोरीवर होती. तीही कोरी. रंग कधी उतरवलास, विचारलं, तर ती हसली, आणि मग हसायची थांबली.

डोळ्यांच्या डॉक्टरने दोन्ही डोळे ठणठणीत ठरवले. निवृत्ती जवळ आली की असं होतं म्हणे. रोज चालायला सांगितलं. डोळ्यांसाठी पाय! शिकलेलं गाढव ते हेच.

१९ जानेवारी

मोरपिशी दिला, गेला. राईचा पिवळा दिला, तोही गेला. बाकी सगळं जागच्या जागी आहे. जे त्या बगळ्याला देतो, तेवढंच जातं.

मॅनेजरला सांगून पाहिलं. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि शेवटचे महिने सगळ्यांनाच जड जातात म्हणाला. बागकाम करा म्हणाला. मी बाकावरचा झालो की काय त्याच्या लेखी?

संध्याकाळी बगळा घरी आला. हिला काकू म्हणतो. ही कप पुढे करत होती आणि तो तिच्या मनगटाकडे बघत होता. अगदी मी बघितलं होतं तसं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "आता गव्हाळ तेवढा राहिला, मास्तर."

तो दिला तर ही मला —

नाही. मेलो तरी नाही.

२७ जानेवारी

ताप आल्याचं सांगून घरीच बसलोय. काही दिलं नाही, काही गेलं नाही. ही खिडकीत बसून मटार सोलत होती. कपाळ, गाल, हात, सगळं होतं तिथे. काय बघताय असं, नवीन का लग्न झालंय, म्हणाली. बघत राहिलो.

३ फेब्रुवारी, दुपार

मॅनेजरने बोलावून नेलं. गव्हाळची मोठी ऑर्डर आहे, बगळा स्वतःच खटपट करतोय, तुम्ही नुसती नजर टाका.

त्याने नमुना खिडकीशी धरला. चिखल! काविळीच्या रोग्यासारखा, वर लाल थापलेला. आणि सगळं खातं त्याला मान डोलावतंय. मी दात आवळले. दारापर्यंत गेलो. बगळा मागून म्हणाला, "हाच ना तुमचा गव्हाळ?"

मी परत फिरलो. अरे गाढवा, हा गव्हाळ? आधी पिवळा मुरू दे, लाल सगळ्यात शेवटी, आणि हिरव्याची एक चिमूट, तीही —

सांगितलं. सगळं सांगून गेलो. चुकीचा रंग समोर असताना आजवर कधी गप्प बसता आलं नाही. त्याला ते ठाऊक होतं. मुद्दाम बिघडवला होता त्याने.

पहिल्यांदाच हसला. "समजलं, मास्तर."

संध्याकाळ

धावत घरी आलो. ही खिडकीत बसलेली. केस आहेत. डोळे आहेत. कपडे आहेत. मधलं सगळं कोरं — कोऱ्या कापडात दोन डोळे — ते माझ्याकडे वळले. अहो, चहा टाकू का, म्हणाले —

कप पुढे आला. मी घेतला नाही.

५ फेब्रुवारी

ती रडते. ऐकू येतं. हात धरला की हात तिचाच आहे, ऊब तीच. डोळे मिटून धरून बसतो. उघडले की —

मी भित्रा आहे. उघडत नाही.

७ फेब्रुवारी

आठवतंय तोवर लिहून ठेवतो. मनगटाच्या आत तीळ. हसली की डाव्या गालावरच खळी. कानामागे जरा उजळ. उन्हात मधासारखी, सावलीत — सावलीत कशी? — हो, पिकल्या गव्हासारखी. आता ती एवढीच उरलीय, या पानांवर. रोज उघडून वाचेन. एवढं पुरे. मला दुसरं काही नको. गाडी नको, दारात कुणी नको.

८ फेब्रुवारी

बगळा आलाय. माझ्या खुर्चीत बसलाय. हिने चहा दिला, त्याने घेतला, तिच्या तोंडाकडे बघत बोलतोय. त्याला दिसते ती.

मी लिहितोय. वर बघत नाही —

मान लांब करून वहीत बघतोय. हिला म्हणतो, मास्तरांची शाई काळी दिसते.

काळी! डोळे आहेत की बटणं? शेंबडं पोर सांगेल, निळी आहे. आणि नुसती निळी नाही, निळ्यात मी जांभळा मुरवलाय, आणि वर किंचित —

हे मी मोठ्याने बोललो का

तो म्हणाला समजलं

मागची पानं — तीळ — खळी कुठल्या पानावर — कोरं — हेही को