तुम्ही पुढे केलेला हात

सिस्टर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे.

अकोल्याच्या आपल्या वॉर्डात बीपीचं नवीन यंत्र आलं की आधी एकमेकींवरच लावून बघायची पद्धत. मी शिकाऊ, तुम्ही इन्चार्ज. रात्रपाळी करून, बदलीवाली आली नाही म्हणून तुम्ही दुपारपर्यंत थांबलेल्या, पोटात चहा आणि एक गार कचोरी. बाही वर करून तुम्हीच म्हणता, "लाव वं पोरी, पाहू तुले काय येते ते." मी पारा चढवते, हळूहळू सोडते, आणि एकशे नव्वदलाच ठोके सुरू होतात. घाबरत आकडा सांगते. तुम्ही सगळ्यांसमोर हात काढून घेता. "तुले अजून ऐकूच येत नाई नीट. जाय, आधी पेशंटवर हात बसव." बाकीच्या हसतात.

मी विश्वास ठेवला हो तुमच्यावर. पुढे कितीतरी दिवस प्रत्येक पेशंटचं बीपी दोनदा मोजायची, कानांवर भरवसाच उरला नव्हता. गोळी चुकवणाऱ्यांना तुम्ही फैलावर घ्यायच्या, लोणचं दिसलं की डबा उचलून न्यायच्या. आणि वर्षभरात कपडे बदलायच्या खोलीत कोसळलात. मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरातल्या तुमच्या घरी जो तो म्हणत होता, अचानक गेल्या. तुमची बहीण तेवढी म्हणाली, "अचानक कायचं? तिले समदं मालूम होतं. घरी सोताच बीपी मोजे." मला रडू आलं नाही, संताप आला. माझे कान बरोबर होते आणि ते तुम्हाला ठाऊक होतं. स्वतःचं दुखणं झाकायला तुम्ही मला खोटं पाडलंत.

आता मी अमरावतीला इन्चार्ज आहे. गेल्या आठवड्यात आम्हा स्टाफचीच तपासणी होती. वजन वाढलंय, झोपेचा पत्ता नाही, जेवण म्हणजे ड्युटी सुटल्यावर उभ्याउभ्या गिला वडा. एका शिकाऊ मुलीनं माझ्या दंडाला पट्टा बांधला, ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. आकडा तिनं अगदी हळू सांगितला. तुमचंच वाक्य माझ्या तोंडून निघालं, जसंच्या तसं. बाकीच्या हसल्यासुद्धा.

संध्याकाळी घरी स्वतः मोजलं. पोरीनं बरोबर ऐकलं होतं. तेव्हापासून ती प्रत्येक पेशंटचं बीपी दोनदा मोजते, मी टेबलामागून बघत असते. तिला अजून काही सांगितलेलं नाही.