पिठातल्या तीन रेघा

बऱ्हाणपूर, मंगळवार, संध्याकाळ

ढगात कोणी हत्ती दाखवला की तो आपल्यालाही दिसू लागतो आणि मग काही केल्या जात नाही. दाखवण्याआधी तो कुठे असतो?

जिथे सुमनने, माझ्या पत्नीने, प्राण सोडला, तिथे काल अक्काने चाळलेले पीठ पसरून वर टोपली झाकली. सकाळी पिठात जी खूण उमटेल, तो गेलेल्या माणसाचा पुढचा जन्म, अशी आमच्याकडची समजूत. आज टोपली उचलली तेव्हा मला नुसत्या तीन वाकड्या रेघा दिसल्या.

"पाखराचं पाऊल हाय, भाऊ," अक्का म्हणाली. "इतका शिकला, अन् सामनेचं दिसत नाही तुला?"

तेव्हापासून मला पाऊलच दिसते आहे.

तर्कशास्त्रात निष्कर्ष गृहीतकांतून अटळपणे निघावा लागतो. विज्ञानात त्याला खोटे ठरण्याची संधी द्यावी लागते. हे मी वर्गात किती हौसेने शिकवले. श्रद्धेला मूठभर पीठ पुरते. आणि मला? प्रामाणिकपणे लिहायचे तर, मलाही ते पुरेसे व्हावे असे वाटते आहे. ती कुठेतरी उडत असावी, एवढेच.

तीन रेघा. मुंगळाही ओढू शकतो.

मुलगी धूलकोटला, ओली बाळंतीण. टोपलीचे तिला कोणी सांगितलेले नाही. म्हणजे परीक्षा सोपी आहे. रेघांपुरता फोटो कापून पाठवायचा आणि काहीही न सुचवता विचारायचे, "तुला काय दिसतं?"

प्रश्न लिहून तास झाला. अजून पाठवलेला नाही.