बंकर मधोमधच पाहिजे

८ जानेवारी १९३४, सोमवार
अकरा वर्षं मिलच्या ऑफिसात ट्रेसर म्हणून दुसऱ्यांचे नकाशे गिरवले. संपलं ते! आज मॅनेजर हार्डविकसाहेबांनी बोलावलं. मिलमागच्या माळावर साहेबलोक गोल्फ खेळतात, तिथं चेंडू मारत न्यायच्या पाचव्या गवती पट्ट्यावर एक बंकर हवाय. बंकर म्हणजे वाळूचा खड्डा. चेंडू आत गेला की खेळणाऱ्याचा घाम निघतो. जागा मी ठरवायची. साधला तर नकाशाच्या कोपऱ्यात ‘डिझाइन्ड बाय’पुढं माझं नाव. बसवराज मडिवाळप्पा कोरे! सही चार प्रकारे करून पाहिली. तिसरी पसंत.
काशम्मानं विचारलं, चांगल्या सपाट जमिनीत साहेबाला खड्डा कशाला? बायकोशी आर्किटेक्चर बोलायचं नाही, असा निश्चय.

१० जानेवारी, बुधवार
साहेबांचं विलायती पुस्तक वाचलं. बारा पानं. गोल्फ समजला. खेळून बघायची गरज दिसत नाही. बंकर पट्ट्याच्या मधोमध हवा, पहिला फटका मारतात तिथून दोनशे यार्डांवर. म्हणजे चांगला खेळाडूसुद्धा डावीकडून जाऊ की उजवीकडून, असा विचार करतो. वा!
हुसेनसाबला सांगितलं. हा वीस वर्षं साहेबांना खेळ शिकवतो, म्हणून स्वतःला प्रोफेशनल म्हणवतो. तो म्हणाला की सरळ मारणाऱ्याला सजा कायकू? वाकडा मारतो त्याच्यासाठी बाजूला खोदा. शिवाय म्हणे हितली जमीन दगडासारखी, चेंडू टप्पा खाऊन तुमच्या खड्ड्यावरून उडून जाईल. पुस्तक न वाचलेल्या माणसाशी काय बोलणार? वाद घातला नाही. (दीड तास घातला.)

१४ जानेवारी, रविवार
खणायला एक गडी आला नाही. सगळे गड्ड्याच्या जत्रेत. नाइलाजानं मीही गेलो, पण आर्किटेक्टच्या नजरेनं हिंडलो. पाळण्यात दोनदा बसलो. उंचीचा अंदाज घ्यायला.

२३ जानेवारी, मंगळवार
खणाई सुरू. सीना नदीची वाळू बैलगाडीनं आली. मायाप्पा धनगराचा त्रास. माळावरचं गवत त्याची मेंढरं कापतात म्हणून साहेब त्याला काही बोलत नाहीत. दुपारी कळप लिंबाखाली बसवतो, ऐन पट्ट्यात, मध्यापासून जरा डावीकडं. बसून बसून मेंढरांनी तिथं परातीएवढी, छे, चार खाटांएवढी जमीन खोल केलीय. ओंगळ दिसतं. नकाशात दाखवलेलं नाही.
त्यानं विचारलं, पाणी साठवायला खणताय व्हय? म्हटलं, माणसाला विचार करायला लावण्यासाठी. तर म्हणाला, मी सकाळधरनं लई इचार करतोय की.

२ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी सात
आज बंकरची परीक्षा. चैन नाही. दोनदा माळावर जाऊन आलो. बंकर जागेवर आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
हुसेनसाबनं दहा चेंडू मारून दाखवले. दहाही टप्पा खाऊन बंकरवरून गेले नि घरंगळत लिंबाकडं. वारा होता. हुसेनसाब म्हणाला वारा नव्हता. खोली समजावताना मी आत पडलो. गुडघा सोलवटला, पण बंकर उत्तम आहे हे सिद्ध झालं.
चाळीस यार्ड पुढं सरकवा म्हणतो. पुस्तकात दोनशे आहे. विषय संपला.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार
उद्या पुण्याचे बडे आर्किटेक्टसाहेब पाहायला येणार. कोटाला इस्त्री केली. आरशापुढं इंग्रजीत भाषण. काशम्मानं विचारलं, भीती वाटते का? छट्! जेवण गेलं नाही, ते वांगं कडू होतं म्हणून. मुलांनी दोनदा वाढून घेतलं.

१७ फेब्रुवारी, शनिवार
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.
हार्डविकसाहेबांचा चेंडू माझ्या बंकरवरून गेला. पुण्याच्या साहेबांचाही. दोन्ही मेंढरांच्या खड्ड्यात. पुण्याचे साहेब आत उतरले. एक फटका, दोन, तीन, चार. लेंड्या उडाल्या, चेंडू नाही. लालबुंद होऊन बाहेर आले नि पोट धरून हसायला लागले. म्हणाले, हिंदुस्थानात इतका झकास बंकर पाहिला नाही, कुणी बांधला?
मी एक पाऊल पुढं टाकलं. देवाशप्पथ, तोंडही उघडलं. तेवढ्यात हुसेनसाबनं मायाप्पाकडं बोट केलं. मायाप्पा घाबरून म्हणाला, मी न्हाय जी, मेंढरांनी केलाय. साहेबांनी त्याच्यापुढं टोपी काढली! माझ्यापुढं अकरा वर्षांत कुणी काढली नाही.
परतताना हुसेनसाब म्हणाला, तुमचा अंदाज बी चुकला, आमचा बी चुकला. ना बीच में, ना बाजू में. त्याला हसू येत होतं. मला रडू.

१९ फेब्रुवारी, सोमवार
हुकूम दोन. माझा बंकर बुजवणे. मेंढरांच्या खड्ड्याचा नकाशा काढून पुण्याला पाठवणे.
मन लावून काढला. इतकी सुबक रेघ आजवर आली नव्हती. मायाप्पाला ऑफिसात बोलावलं. ‘डिझाइन्ड बाय’पुढं त्याचं नाव लिहिलं, शेजारी त्यानं अंगठा उठवला. मग बराच वेळ कागद न्याहाळून विचारलं, नि तुमचं नाव कुटं हाय?
दाखवलं. खाली, बारीक अक्षरात, नेहमीच्या जागी: ‘ट्रेस्ड बाय’. सही तिसऱ्या प्रकारची केली आहे.