दोन दिवसांसाठी नेलेली जीप

सिडको, नाशिक
१४ मे २००३

ती. गोरक्षभाऊ यांस,

धनराजचा साष्टांग नमस्कार. आजवर हा शब्द मी सवयीने लिहीत आलो, या वेळी मात्र तो अगदी खरा आहे. परवापर्यंत नऊ दिवस मी तुमच्या जीपखाली आडवाच होतो, फक्त पालथा नसून उताणा. तेवढा फरक पोटात घालावा. तुमची पाठ कशी आहे? वहिनींचे गुडघे काय म्हणतात? (त्यांना रोज तेल लावायला सांगा. तेलाचे महत्त्व मला या आठवड्यात फार पटले आहे.) इकडे मी ठीक, तुमची बहीण माझ्यावर रागावलेली, म्हणजे तीही ठीकच.

तुमचे पत्र पोचले. ‘हर्षाली याच जीपमधून शाळेत गेली, सासरीही याच जीपमधून जाईल. पंचवीस तारखेच्या आत जीप चालती आणून द्या. ढकलत आणणार असाल तर नवराबायको दोघेही लग्नाला येऊ नका,’ असे तुम्ही लिहिले आहे. आशाने ते तीनदा वाचले. पहिल्यांदा रडली, दुसऱ्यांदा माझ्याकडे बघितले आणि तिसऱ्यांदा वाचताना पदर खोचला. सख्ख्या भाचीच्या लग्नाला माझ्यामुळे जाता आले नाही तर ती पुढे कुठल्या लग्नात, बारशात किंवा तेराव्यात मला सोबत नेणार नाही, असे तिने शांतपणे सांगितले. भाऊ, ती ओरडली असती तर मी घाबरलो नसतो.

आता मूळ मुद्दा. शहाण्णव सालच्या चैत्रात वणीच्या गडावर जायला मी जीप दोन दिवसांसाठी नेली, हे मला मान्य आहे. परत करायचे मनात नव्हते असे नाही. पण परत आलो तर विंचूरला कांद्याचा हंगाम, मग पाऊस, मग पितृपक्ष. पितृपक्षात कोणी वाहन परत करतो का? (तुम्ही तरी घेतले असते का?) असे करता करता सात वर्षे झाली. या सात वर्षांत मी रोज नाशिक ते विंचूर आणि विंचूर ते नाशिक केले, कारण अडतीच्या दुकानात वेळेवर हजर राहणारा मुनीम म्हणून माझी ख्याती आहे. ती सगळी तुमच्या जीपची पुण्याई.

देखभाल मी केली नाही, हा आरोप मात्र मला साफ नामंजूर आहे. दर दसऱ्याला जीप धुतली, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावले, चाकाखाली लिंबू ठेवले आणि बंपरवर नारळ फोडला. सात दसरे, एकही चुकला नाही. माझ्या स्वतःच्या वाढदिवसाला कोणी एवढे करत नाही. ऑइल बदलले नाही हे खरे. पण नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवनंतर मीटर शून्यावर आला, तेव्हा माझी अशी समजूत झाली की गाडीने नवा जन्म घेतला आणि आता हिशेब पहिल्यापासून. त्या दिवशी मी अख्ख्या अडतीत पेढे वाटले होते. भिका मिस्त्रीला ही हकीकत सांगितली, तर तो पान्हा खाली ठेवून म्हणाला, “शेठ, म्हातारा वाढदिवस इसरला म्हनून तरणा व्हत नाय.”

हा भिका नाशिकच्या द्वारका चौकापुढे पत्र्याच्या शेडमध्ये बसतो. माणूस चांगला, पण तोंडाने फटकळ. त्याने बॉनेट उघडले आणि आत बघून आपली टोपी काढली, जशी आपण कोणाच्या दारी तिरडी दिसली की काढतो. फॅनबेल्टच्या जागी त्याला कांद्याच्या गोणीची वळलेली सुतळी सापडली. (ती मी स्वतः वळली होती आणि दोन उन्हाळे टिकली. याचे कौतुक कोणी केले नाही.) एअर फिल्टरमधून मूठभर झेंडू निघाला, रेडिएटरच्या जाळीतून अक्षता निघाल्या. मग त्याने रेडिएटरचे झाकण काढले आणि एकदम मागे सरकला. शेडभर आंबूस वास पसरला. त्याने आत बोट घातले, हुंगले, घाबरत जिभेला लावले. “शेठ, ह्ये पानी नाय. ह्यात काय वतलंय तुमी?”

भाऊ, इथे मला सत्य सांगणे भाग आहे. दर दसऱ्याला घरातल्या सगळ्यांना नारळाच्या पाण्याचे तीर्थ मिळते. जीप वर्षभर उन्हातान्हात राबते आणि तिलाच तीर्थ नाही, हे तुमच्या बहिणीच्या कोमल मनाला बघवेना. म्हणून दरवर्षी पहिली वाटी ती रेडिएटरमध्ये ओतायची. मी अनेकदा म्हणालो की यंत्राला तीर्थ पचत नाही, पण श्रद्धेपुढे माझे काय चालणार? सात वर्षांच्या तीर्थाने रेडिएटर आतून गंजून नारळाच्या करवंटीसारखा झाला होता. भिकाने तो हातात धरला आणि त्याचा खालचा भाग त्याच्या पायावर पडला.

पुढचे नऊ दिवस सांगत नाही. ऑइल म्हणून जे निघाले ते काकवीसारखे घट्ट होते आणि चमच्याने काढावे लागले. स्प्रिंगचे पाटे बदलले, क्लच बदलला, बॅटरी बदलली. ब्रेक होतेच कुठे बदलायला! विंचूरच्या आवारात कांद्याच्या गोण्यांची एक थप्पी ठरलेली आहे, मी रोज जीप तिला हलकेच टेकवून उभी करायचो. हमालही समजूतदार, माझी यायची वेळ झाली की त्या थप्पीवर बसत नसत.

परवा सगळे काम संपले आणि आम्ही चक्कर मारायला निघालो. पुढे मी आणि भिका, मागे आशा आणि शेजारच्या मंगलाबाई. (मंगलाबाईंना कोणी बोलावले नव्हते, पण त्या गाडी सुरू झाल्याचा चमत्कार बघायला आल्या होत्या आणि हातात दह्याचे पातेले होते.) नाका दोनशे हातांवर दिसला आणि मी सात वर्षांच्या सवयीने दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून उभा राहिलो. गाडी जागच्या जागी थांबली. दही थांबले नाही. भिकाच्या टोपीतून ते निथळत होते तेव्हा तो एवढेच म्हणाला, “ब्रेक पास.”

जीपचा आवाजही गेला. पूर्वी ती नाक्यावर असतानाच गल्लीतली कुत्री उठून बाजूला व्हायची, म्हणून हॉर्नची गरज पडत नसे. आता ती मांजरीसारखी येते आणि कोणी हलत नाही. त्याहून वाईट म्हणजे आशा नाक्यावरचा खडखडाट ऐकून चहा टाकायची, मी पायरी चढेपर्यंत कप तयार. परवा संध्याकाळी मी दारात उभा राहिलो तरी तिला पत्ता नव्हता. तो चहा मिळाला नाही आणि मला कळले की ही गाडी आता खरंच जाणार. भाऊ, चेष्टा बाजूला ठेवतो, मला वाईट वाटले. दुसऱ्याची वस्तू परत देताना वाईट वाटावे हे शोभत नाही, पण वाटले.

असो. तेवीस तारखेला जीप घेऊन दोघेही नांदगावला पोचतो. कोणी ढकलणार नाही. वहिनींना नमस्कार, हर्षालीला खूप आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
धनराज

ता. क. – एक किरकोळ गोष्ट राहिली. हर्षालीचे सासर नाशिकलाच, आमच्या घरापासून तीन गल्ल्यांवर. पाठवणी करून जीप इकडे येणारच आहे. लगेच रिकामी नांदगावला परत पाठवण्यात काय अर्थ? इथे आमच्या दारात उभी राहील. फक्त दोन दिवस.

ता. क. दुसरा – दादा, मी आशा. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिले म्हणून वाचले. रेडिएटरमध्ये तीर्थ हेच ओततात. मी पहिल्याच वर्षी नको म्हणाले होते, तर मला नास्तिक म्हणाले. जीप मात्र खरोखर छान झाली आहे, हे नऊ दिवस जेवायलाही नीट घरी आले नाहीत. गाडी दारात लागली की किल्ली मी माझ्याकडे घेते. तुझी हरकत नसेल तर पाठवणीच्या वेळी ती हर्षालीच्या हातात दे. ट्रॅक्टर चालवते, जीपही चालवेल, आणि मनात येईल तेव्हा तुम्हाला भेटायला नांदगावला येईल. फक्त तिला एवढे बजावून ठेव की आतोबांनी दोन दिवसांसाठी मागितली तर द्यायची नाही. मीच यांना नाही म्हटले असते, पण हे तोंड पाडून बसले की मला नाही म्हणवत नाही. कालपासून मी नाक्याकडे बघत ओट्यावरच बसते आणि गाडी दिसली की चहा टाकते. यांना ते अजून कळलेले नाही.