पिल्लू उडालं तेव्हा

काळेवाडी,
२२ जून

प्रिय अक्का,
सप्रेम जयभीम.

माझी काळजी करू नकोस. कंपनीत जातो, वेळेवर जेवतो. भाऊजींचा गुडघा कसा आहे?

एक सांगायचं राहिलं. आजारपणात कस्तुरा मोबाईलवर अमेरिकेतल्या गरुडांचं घरटं बघायची. तिथं झाडावरच कॅमेरा लावलेला आहे. मला चिडवायची, "अहो, तो नर बघा, न सांगता मासा आणतो. तुम्हाला कोथिंबिरीचीसुद्धा आठवण करून द्यावी लागते!" मी हसायचो आणि शिफ्टला निघायचो. तिच्याजवळ बसून कधी बघितलं नाही. पिल्लू उडताना बघायची तिची फार इच्छा होती.

ती गेल्यावर मी बघू लागलो. काल संध्याकाळी पिल्लानं फांदीवर पंख पसरले आणि ते उडालं. मी स्वयंपाकघराकडे वळून मोठ्यानं म्हणालो, "कस्तुरा, लवकर ये, उडालं बघ!"

शेजारची मिनल धावत आली. "काका, काय झालं?" म्हणाली. मी मोबाईल तिच्यापुढे धरला.

कस्तुराच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर तू इथं राहते म्हणत होतीस, मीच नको म्हणालो. आता थोडे दिवस येशील का?

तुझा भाऊ,
साहेबराव