रक्तातले गडी

आबा, आज सोमाटण्याच्या दवाखान्यात तुमची चौकशी झाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वडील कशानं गेले?" म्हटलं, "पित्त झालंय म्हणाले, छाती चोळत बांधावर बसले, ते उठलेच नाहीत." त्या हसल्या नाहीत. मी हसलो. लोणावळ्यात गळक्या बंगल्यांची दुरुस्ती करणारा माणूस वाईट बातमी हसूनच सांगतो.

मग त्यांनी समजावलं. नसांचं आतलं अस्तर झिजत असतं, आणि ते लिंपायला रक्तातून काही पेशी फिरतात, पावसाळ्यात बांध बघत फिरणाऱ्या गड्यांसारख्या. माझ्या रक्तात त्या फार कमी निघाल्या. "नुसत्या एवढ्यावरून काही ठरत नाही, ही तपासणी अजून संशोधनातच आहे," त्या म्हणाल्या, "पण तुमची शुगर, वडील असे गेलेले, सगळं धरलं तर हृदयाला धोका आहे. रोज चाला. आणि तंबाखू आजपासून बंद. आहेत तेवढ्या पेशी तरी राहू द्या." भिंतीवर बोट वाजवून पोकळ जागा ओळखणारा माणूस मी. बाईंचा धीर देणारा आवाज तसाच पोकळ वाजला.

तंबाखू म्हणाल्या आणि आपलं आंदर मावळातलं खालचं खाचर डोळ्यांपुढं आलं. भात नुकतंच लावलंय, खेकड्यांनी बांध पोखरलाय. तुम्ही म्हणता, "हात घाल बिळात. बघ आत हाय का." मी म्हणतो, "आबा, चावंल." "चावला तर कळंल की, हाय म्हणून." खेकडा अंगठा धरतो. मी नाचतो, तुम्ही पलीकडच्या चुलत्याला हाक मारून दाखवता, "बघ रं, आमचं बुजगावणं." बीळ फुटून भगदाड पडतं, तर तिथं मलाच पाठ टेकवून बसवता आणि माती आणायला जाता. पाणी पाठीला ढकलतंय, आणि तुम्ही चुलत्याशी गप्पा मारत उभे. माझे कान तेव्हाही तिखट. चुलता म्हणतो, "पोरगं गारठलं की." तुम्ही म्हणता, "बसू दे. फुकटची माती हाय ती."

बांध लिंपून झाल्यावर तुम्ही डबी उघडलीत. चिमूटभर तंबाखू माझ्या जखमेवर दाबलीत, उरलेली माझ्या तोंडात घातलीत. "रडू नगं. गडी झालास आता." जन्मात तुम्ही मला लावलेलं औषध ते एकच, आणि ते आजवर माझ्या रक्तातले गडी खात बसलंय.

तुमचं मरणाचं वय मी गेल्या साली ओलांडलं. त्या दिवशी साइटवर पेढे वाटले. कशाचे ते कुणाला सांगितलं नाही.

हे पत्र पाठवायचं तरी कुठं? तुमच्या बांधावर आता कुणा मुंबईवाल्याचा स्विमिंग पूल आहे. त्याची गळतीही मीच काढली. डॉक्टरीणबाईंना शब्द दिला, डबी दारातच टाकतो. टाकली. ती माझी होती. तुमची डबी माझ्या छातीवरच्या खिशात आहे, आणि हे लिहिताना एकदा उघडली.